कासवांच्या गावात पाहुणे ठेवायचे तर

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वेळासला समुद्री कासवं किनाऱ्यावर अंडी घालतात. पिल्लं बघायला येणारे पाहुणे आम्ही घरातच ठेवतो. तुमच्या गावात तसं करायचं असेल तर पहिला नियम: गाडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, न्यायची नाही, कितीही ओळखीचा असो. चाकाखाली अंडी चिरडतात, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल तुटते, वाळू सुटते.

हॅचरीपासून (अंडी जपायला कुंपण घातलेली जागा) पाण्याकडे दोन दोऱ्या बांधा, पाहुणे दोरीबाहेर. ऑलिव्ह रिडले जातीच्या या कासवांची पिल्लं अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर येतात. ती वाळूवर सोडा आणि समुद्रापर्यंत त्यांची त्यांना चालू द्या. फोटोसाठी उचलायला कोणीतरी धावणारच. तिथे भीड नको. फ्लॅश बंद. रात्री किनाऱ्याकडचे दिवेही बंद, कारण पिल्लं उजेडाकडे वळतात.

पाण्याच्या बाटल्या ठेवूच नका, तांब्या-पेला द्या. आणि पिल्लं रोज निघत नाहीत, हे बुकिंग घेतानाच सांगा. नाहीतर भांडण जेवणाच्या पानावर येतं.