‘बॉइस्टरस’ म्हणजे दंगेखोर नव्हे: या चुका टाळा

माझ्या भाचीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी इंग्रजीत शेरा लिहिला होता, ती वर्गात फार ‘बॉइस्टरस’ असते. ताईने मोबाईलवर अर्थ शोधला, ‘दंगेखोर’ असा मिळाला, आणि संध्याकाळभर पोरीची उलटतपासणी चालली. बाईंना सांगायचं होतं इतकंच, की तिचा आवाज मोठा, अंगात उत्साह मावत नाही आणि ती एका जागी ठरत नाही.

पहिली चूक हीच. मराठी वर्तमानपत्रात दंगेखोर म्हणजे दगडफेक करणारा; ‘हुल्लडबाज’ही तसाच बदनाम. बॉइस्टरसमधला गोंगाट आनंदातून, अंगातल्या जोमातून येतो. सहलीच्या बसमधली मुलं, सामना जिंकल्यावरची गर्दी, वरातीत नाचणारी मित्रमंडळी बॉइस्टरस असतात. कधी त्यांचा त्रास होतो, पण मनात वाईट नसतं. मला विचाराल तर ‘धसमुसळा’ हा शब्द सर्वांत जवळचा. मी ताईला शेऱ्याखाली पेन्सिलीने लिहून दिलं: ‘धसमुसळी आहे, दंगामस्ती करते, खुशीत असते.’

‘धसमुसळा’ सुचण्यामागे शब्दाचं मूळही आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘बॉइस्टस’ असं रूप होतं आणि त्याचा अर्थ होता राकट, ओबडधोबड, जाडाभरडा. त्याच्याही मागचं मूळ भाषातज्ज्ञांना खात्रीने सापडलेलं नाही. पुढे राकटपणा वाऱ्याला आणि समुद्राला चिकटला. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात, पाण्यावरून चालणारा येशूचा शिष्य पेत्र ज्या वाऱ्याला घाबरतो, तो वारा ‘बॉइस्टरस’ आहे. गलका करणारी माणसं हा आज रुळलेला अर्थ नंतरचा. म्हणूनच जुन्या मजकुरात हा शब्द वाऱ्यासाठी आला, तर तिथे ‘उत्साही’ लिहू नका. सोसाट्याचा वारा म्हणा, खवळलेला समुद्र म्हणा.

या शब्दात ‘बॉइज’ शोधणारेही पुष्कळ. मग तो फक्त मुलग्यांसाठी आहे असा समज होतो. त्या दोन शब्दांचा काही संबंध नाही, मुलींसाठी बिनधास्त वापरा.

मिक्सर, हॉर्न, ड्रिल यांच्या आवाजाला मात्र हा शब्द लावू नका. तिथे ‘नॉइझी’ किंवा ‘लाऊड’ पुरे.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांत तर हमखास घोळ होतो. ‘बोस्टफुल’ म्हणजे बढाईखोर. ‘नॉयसम’चा आवाजाशी संबंधच नाही, तो ‘अनॉय’च्या कुळातला, अर्थ किळसवाणा, दुर्गंधी मारणारा. एखाद्या हॉलचं कौतुक करताना तो वापरलात तर पंचाईत! ‘ऑब्स्ट्रेपरस’ लॅटिनमधल्या ‘गोंगाट करणे’ या क्रियापदावरून आला, पण त्यात ऐकत नाही, आडदांडपणा करतो हा आरोप आहे. ‘रॅम्बंक्शस’ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुळला. तो बहुधा ‘रम्बस्टिअस’चं बदललेलं रूप, आणि त्याचं नातं ‘रोबस्ट’शी जोडतात. रोबस्टच्या मुळाशी लॅटिन ‘रोबुर’ आहे, म्हणजे ओक वृक्षाचं टणक लाकूड. आवरता न येणाऱ्या पोराला ‘रॅम्बंक्शस’ छान बसतो.

उच्चारात जोर पहिल्या ‘बॉइ’वर द्या. घाईत बरेच जण ‘बॉइस्ट्रस’ म्हणतात, तेही चालतं. स्पेलिंगमध्ये मात्र टी आणि आर यांच्यामधला ई गाळू नका.