मोठ्या माणसांना मोबाइल शिकवताय? मग या चुका टाळा

गेली ६ वर्षं दर रविवारी सकाळी आमच्या गावच्या वाचनालयात मी मोठ्या माणसांना मोबाइल शिकवते. फी नाही, चहा आहे. येणारे ५५ पासून ८५ पर्यंतचे, रिटायर गुरुजी, भाजीवाल्या मावशी, एसटीतून निवृत्त झालेले तात्या, सगळे. आणि एवढ्या वर्षांत एकच कळलंय की शिकणारे फार चुका करत नाहीत, शिकवणारे करतात. म्हणजे मुलगा, सून, नातू. सुरुवातीला मी पण त्यातलीच होते.

"दे इकडे, मी करून देतो"

ही सगळ्या चुकांची आई. आई विचारते, अरे हे फोटो मावशीला कसे पाठवायचे. पोरगा फोन ओढतो, अंगठा भिरभिर फिरतो, चार सेकंदात "घे, गेले." आई म्हणते, "हो का, बरं." तिला काय दिसलं? पोराचा अंगठा. पुढच्या वेळी परत विचारलं की हाच पोरगा म्हणतो, किती वेळा सांगायचं तुला! अरे बाबा तू एकदाही सांगितलं नाहीस, तू केलंस फक्त.

माझा उपाय अगदी बाळबोध आहे. शिकवताना मी दोन्ही हातात चहाचा कप धरून बसते, मुद्दाम, म्हणजे बोट पुढे जातच नाही. फोन त्यांच्या समोर टेबलावर, बोट त्यांचं, आणि मी फक्त तोंडाने सांगणार. वेळ लागतो, लागू दे. एका मावशींना फोटो पाठवायला पहिल्यांदा २० मिनिटं लागली, पण त्यानंतर त्यांनी मला परत कधी विचारलं नाही, उलट आता शेजारणीला त्या स्वतः शिकवतात.

आणि बोटावरून आठवलं. बटणाचा फोन वापरलेला माणूस काच पण बटणासारखीच दाबतो, जोर लावून, सावकाश. काचेला जोर कळत नाही, वेळ कळतो. जरा जास्त वेळ दाबून धरलं की फोनला वाटतं यांना दुसरंच काहीतरी हवंय, आयकॉन जागचा हलतो, ‘हटवा’ येतं, आणि दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅप सापडत नाही. मुलगा ओरडतो "काय केलंस तू?" आणि आई म्हणते "मी हातसुद्धा लावला नाही." दोघंही आपापल्या परीने खरंच बोलत असतात. मी सांगते, कुंकू लावताना बोट जसं टेकवता ना तसं, टेकवलं की उचललं. पुरुषांना अष्टगंधाचं बोट सांगते. एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. शेतात राबलेल्या हातांची बोटं कोरडी खरखरीत असतात, स्क्रीनला कळतच नाहीत, त्यांना ओल्या फडक्यावर बोट टेकवून पुसायला सांगायचं.

दुकानदाराने काढून दिलेलं जीमेल

यावर मी तासभर बोलू शकते, माझ्या वर्गातल्यांना पाठ झालंय.

आमच्याकडे एक काकू यायच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने तिथेच जीमेल अकाउंट काढून दिलं, पासवर्ड त्याच्या मनाचा, आणि रिकव्हरीला, म्हणजे पासवर्ड विसरला तर अकाउंट परत मिळवायला, नंबरही स्वतःचा टाकला, कारण काकूंचं सिम अजून चालू व्हायचं होतं. काकूंना यातलं काहीच माहीत नाही. दोन वर्षं मस्त चाललं. मग फोन हँग व्हायला लागला आणि सुट्टीला आलेल्या भाच्याने हुशारी केली, पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून फोन सरळ फॉरमॅट मारला, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकलं. फोन चालू झाला आणि म्हणाला, आधीचं गूगल अकाउंट टाका. ही सोय चांगलीच आहे हो, चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून असते, पण इथे काकूच चोर ठरल्या. पासवर्ड नाही, रिकव्हरीचा ओटीपी जातोय दुकानातल्या पोराकडे, आणि आम्ही दुकानात गेलो तर तिथे ज्यूस सेंटर. पोरगा कुठे गेला कोणालाच माहीत नाही.

बिल होतं म्हणून सर्व्हिस सेंटरने दहा दिवसांनी फोन उघडून दिला. पण नातीच्या बारशाचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, सगळं त्या अकाउंटात, आणि अकाउंट काही उघडलं नाही. काही फोटो नातेवाइकांकडून परत मागवले. काकू भाच्याला एका शब्दाने बोलल्या नाहीत, मीच बोलले.

म्हणून आता वर्गात पहिल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅप नाही की यूट्यूब नाही. पहिल्या दिवशी जीमेल कोणतं ते बघायचं, पासवर्ड त्यांच्या हाताने बदलायचा, रिकव्हरीला त्यांचा स्वतःचा नंबर टाकायचा आणि हे सगळं वहीत लिहायचं. हो, वहीत. पासवर्ड लिहू नये म्हणणारे खूप भेटतात मला. कपाटात साड्यांखाली ठेवलेली वही चोरीला जाण्यापेक्षा ७० वर्षांचा माणूस पासवर्ड विसरण्याची शक्यता किती जास्त आहे ते तुम्हीच बघा. फक्त यूपीआयचा आणि एटीएमचा पिन वहीत नाही, तो डोक्यात.

असंच सिमचं. मुलगा नवीन स्वस्त प्लॅनचं सिम आणून देतो आणि जुनं तसंच ड्रॉवरमध्ये. बँक, आधार, गॅस सगळं त्या जुन्या नंबरला. रिचार्ज नाही, वापर नाही, असे ९० दिवस गेले की कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. मग ओटीपी त्याच्याकडे. नंबर बदलायचाच नाही, पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच, कंपनी फक्त दुसरी.

पहिल्या दिवशी "इंटरनेट म्हणजे काय"

आमच्या एमएस-सीआयटीच्या काळातली सवय, आधी व्याख्या मग काम. सरकारच्या पीएमजीदिशा या गावातल्या लोकांना डिजिटल साक्षर करायच्या योजनेत पण २० तासांचा अभ्यासक्रम होता, आणि वयाची अट १४ ते ६०, म्हणजे माझा अर्धा वर्ग दारातच बाद. माणूस कशासाठी आलाय ते विचारा आणि तिथून सुरू करा. पेन्शनवाले नोव्हेंबरच्या आधी येतात, त्यांना हयातीचा दाखला हवा असतो. फोनच्या कॅमेऱ्याला चेहरा दाखवून घरबसल्या होतो तो, पण त्यासाठीच्या जीवन प्रमाण अ‍ॅपच्या जोडीला आधारचं फेस आरडी अ‍ॅपही लागतं हे कोणी सांगत नाही, आणि मग "होत नाही, होत नाही" करत बसतात. तो एक दाखला निघाला की माणसाला फोनचा धीर येतो.

बाकी पटापट. स्क्रीन ३० सेकंदात काळी होते, त्यांचं वाचून पण होत नाही तोवर, ती २ मिनिटांवर करा. अक्षर मोठं करा. नव्या फोनमध्ये कडेवरून बोट सरकवून मागे जायचं असतं, ते बंद करून खालची तीन बटणं चालू करा, यात वाद नको. फोनची भाषा मराठी करायची तर मुलांनीही ते शब्द शिकावेत, आईला ‘रद्द करा’ दिसतंय आणि तुम्ही पुण्याहून "कॅन्सल दाब" म्हणताय. गुड मॉर्निंगच्या फोटोंचं ऑटो डाउनलोड बंद. लग्नपत्रिका एपीके फाइलमध्ये, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप टाकणाऱ्या फाइलमध्ये, येत नसते, आली तर हात लावायचा नाही.

यूपीआय शिकवताना घाई करणाऱ्यांना मी वर्गाबाहेर काढते. लेकीला १ रुपया पाठवायचा, रोज, आठवडाभर. पिन लागतो पैसे देताना आणि बॅलन्स बघताना, पैसे घ्यायला कधीच लागत नाही. हे वाक्य मी वदवून घेते, पाढ्यासारखं. आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर ‘फसवणूक’ नावाने सेव्ह करून ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच तिथे फोन, मुलगा रागावेल म्हणून दोन दिवस गप्प बसायचं नाही. रागावणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे.

फोन कानाला लावून फोन शिकवणं

परगावची मुलं हे हमखास करतात. "आई, सेटिंगमध्ये जा, गेलीस का?" फोन तिच्या कानाला आहे! कानाला लावला की स्क्रीन बंद होते, ती बिचारी फोन खाली घेते, तेवढ्यात तुम्ही काय बोललात ते ऐकू येत नाही, परत कानाला लावते, तुम्ही चिडता. तात्यांनी एकदा मुलाला शेवटी विचारलंच, "आता ऐकू का बघू, एक काय ते सांग." आधी स्पीकर शिकवा. मग बाकीचं.