फायबर बॉडीच्या गाडीत कॅमेरा-ट्रॅकर लपवून बसवताय? या चुका टाळा

बाहेरून इटालियन, आतून जुनी सेडान आणि वर फायबरचं (म्हणजे फायबरग्लासचं) कवच, अशा रेप्लिका गाड्या गोव्यात बऱ्याच फिरतात. मालकाची मागणी ठरलेली: डॅशकॅम हवा, ट्रॅकर हवा, पण एकही वायर दिसता कामा नये. मागणी रास्तच आहे. सीझनमध्ये किनाऱ्यावरच्या पार्किंगात कोण घासून गेलं ते कळत नाही. माझी कुरकुर कामाबद्दल आहे. कुणीतरी अर्ध्या तासात 'बसवून दिलेलं' असतं, आणि माझ्याकडे गाडी येते ती ते उकरायला.

सगळ्यात मोठी चूक अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडाची. पत्र्याच्या गाडीत बॉडीचा कुठलाही चांगला बोल्ट धरा, तो बॅटरीच्या निगेटिव्हला पोचलेला असतो. वायरमनच्या हाताला तीच सवय: काळी वायर, जवळचा स्क्रू, झालं काम. फायबरमधून करंट जात नाही. त्यात मारलेला स्क्रू हा नुसता स्क्रू. आणि वैताग असा की बरेचदा तरीही चालतं, कारण स्क्रूला लागून एखादी धातूची पट्टी असते आणि ती दुसऱ्याच कुठल्यातरी अर्थवर उसनी जगत असते.

साखळी गावातल्या एका गृहस्थांची लाल रेप्लिका अशीच आली. उन्हाळाभर कॅमेरा उत्तम. जूनमध्ये पाऊस लागला आणि चोर्ला घाट चढताना तो बंद पडायला लागला. आधीच्या दुकानदाराने निदान केलं, पाणी शिरलं. कॅमेरा बदलला. मग बॅटरी बदलली. दोन्हींचे पैसे घेतले. "भाऊ, ही कंपनीच बोगस, दुसरी सांगा," म्हणत ते माझ्याकडे आले.

मी कॅमेऱ्याला हातच लावला नाही. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी काचेच्या अॅल्युमिनियम फ्रेमला, जिथे कॅमेऱ्याची काळी वायर कसली होती. इंजिन चालू, वायपर बंद: जवळजवळ शून्य. काचेवर पाण्याचा पाइप धरला, वायपर लावला, आणि काटा थेट २ व्होल्टच्या वर. ती फ्रेम चहूबाजूंनी फायबरवर बसलेली. तिला अर्थ मिळत होता तो फक्त वायपर मोटरच्या वायरमधून, आणि त्या वायरचं लग (टोकाची धातूची कडी) खाऱ्या हवेने हिरवं पडलेलं. वायपर चालला की त्याचा सगळा करंट त्या सडक्या जोडातून जायचा आणि फ्रेमचा व्होल्टेज वर चढायचा. गाडीच्या बॅटरीवरून कॅमेऱ्याला वीज देणारं हार्डवायर किट १२ व्होल्टच्या खाली गेलं की पुरवठा तोडतं. चार्जिंगच्या साडेतेरा व्होल्टमधून दोन गेले की किटला वाटायचं बॅटरी उतरली, आणि ते इमानदारीने कॅमेरा बंद करायचं. बॅटरी ठणठणीत होती, जुना कॅमेराही.

माझी सवय सांगतो. बॅटरीच्या निगेटिव्हवरून २.५ स्क्वेअर एमएमची वेगळी काळी वायर डॅशच्या मागे आणायची, तिथे पितळी पट्टी, आणि नवीन बसणाऱ्या प्रत्येक वस्तूचा अर्थ त्या पट्टीवर. मग सगळं चालू करून बॅटरीचं निगेटिव्ह आणि ती पट्टी यांच्यात मापायचं. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मी गाडी सोडत नाही. "एवढं कशाला, चालतंय ना?" विचारणाऱ्यांना मी पावसाळ्यात भेटायला सांगतो.

फायबरची आणखी एक खोड म्हणजे प्लगच्या ठिणगीचा विद्युत गोंगाट अडवायला मध्ये पत्रा नसतो. शेव्हरोलेने १९५३ मध्ये फायबर बॉडीची कॉर्व्हेट काढली, तेव्हा रेडिओ खरखरू नये म्हणून इग्निशनला धातूचं आवरण द्यावं लागलं होतं. तेव्हा कॅमेऱ्याची वायर एचटी केबलपासून (प्लगला ठिणगीचा करंट नेणाऱ्या जाड वायरपासून) लांबून न्या आणि हा गोंगाट कमी करणारे रेझिस्टर प्लग वापरा.

आता लपवण्याचा सोस. ट्रॅकर इंजिनाशेजारी, सायलेन्सरच्या वर, धातूच्या डब्यात कोंबणारे महाभाग मी पाहिलेत. जीपीएसला आकाश लागतं. फायबर त्याच्या आड येत नाही, हीच तर या गाडीची कमाई! मागच्या डेकच्या फायबरखाली, उष्णतेपासून लांब, अँटेनाची बाजू वर करून ठेवा. वर कार्बन फायबरचं पॅनल असेल तर मात्र सिग्नल विसरा. आणि कॅमेरा एवढा लपवू नका की मेमरी कार्ड काढायला डॅश उघडावा लागेल. उन्हात उभ्या गाडीचा डॅश भाजून निघतो, म्हणून लिथियम बॅटरीवाला नको, सुपरकपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी त्यात वीज साठवणारा) घ्या. फुगलेल्या बॅटरीने काचेवरून सुटून पडलेले कॅमेरे माझ्याकडे डबाभर आहेत.

बाकीच्या चुका पटापट. चिमटा मारून जोडणारे वायर-टॅप किनारपट्टीवर वापरू नका, आत गंज चढतो. काळी इन्सुलेशन टेप उन्हात चिकट होऊन सुटते, कापडी टेप आणि हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) घ्या. कॅमेऱ्याच्या लाइनला २-३ अँपिअरचा फ्यूज पुरतो, 'जळायला नको' म्हणून १५ चा टाकणाऱ्याला वायर जळलेली चालते असं दिसतं. फायबरला भोक पाडण्याआधी मास्किंग टेप लावा आणि ड्रिल आधी थोडं उलटं फिरवा, नाहीतर जेलकोटचे, म्हणजे वरच्या चकचकीत थराचे, टवके उडतात. वायर कनेक्टरमध्ये शिरण्याआधी खाली एक वळसा द्या, पाणी तिथून गळून जातं.

"रडार डिटेक्टरपण लपवून द्या ना," हे हमखास येतं, बहुतेक नवी गाडी घेतलेल्या पोरांकडून. म्हणजे पोलिसांची वेग मोजणारी गन ओळखून ओरडणारं यंत्र. बाबा रे, लेझर गनचा किरण अरुंद असतो. तुझा डिटेक्टर ओरडेपर्यंत वेग मोजून झालेला असतो. रडारचा २४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणशील, तर शेजारच्या एसयूव्हीचा ब्लाइंड-स्पॉट सेन्सर आणि सुपरमार्केटचा आपोआप उघडणारा दरवाजाही तोच वापरतात. पणजी ते म्हापसा नुसती पिपाणी वाजेल. गनला चकवणाऱ्या जॅमरचं नाव काढलंत तर चहा पिऊन परत जा.

आणि पॅनल लावण्याआधी हेडलाइट, वायपर, पंखा, हॉर्न एकदम चालू करून दहा मिनिटं रेकॉर्डिंग घ्या, ते घरी नेऊन पाहा, मगच स्क्रू आवळा. ही दहा मिनिटं वाचवणाऱ्यांच्या गाड्यांचे पॅनल मी परत उघडतो, तेव्हा क्लिपा तुटलेल्याच असतात. रेप्लिकाच्या क्लिपा बाजारात मिळत नाहीत, जुन्या सेडानच्या घासून बसवाव्या लागतात. त्याचे पैसे मी वेगळे लावतो.