धुऱ्यापलीकडच्या वैऱ्याशी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे

विदर्भातल्या खेड्यात ‘शत्रू’ हा शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. ‘त्यांचे आमचे बोलणे नाही’ एवढेच म्हटले जाते, आणि त्यामागे बहुधा नांगराच्या दोन तासांनी आत सरकवलेला धुरा (शेताचा बांध), अडवलेली पांधण (शेतात जाणारी वाट) किंवा वाटणीत डावलले गेल्याचे दुःख असते. प्रभू येशूने वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा दिली (मत्तय ५:४४), ती पाळायची असेल तर हाच माणूस डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

प्रेम मनात उपजेपर्यंत वाट पाहत बसू नये. लूककृत शुभवर्तमानात (६:२७-२८) हीच आज्ञा चार क्रियापदांत येते: प्रीती करा, भले करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. यांतील शेवटच्या तीन गोष्टी मन तयार नसतानाही करता येतात, आणि सुरुवात तिथूनच करणे शहाणपणाचे आहे.

पहिले काम जिभेचे. पानठेल्यावर त्याचा विषय निघाला की आपली कहाणी पुन्हा नव्याने सांगणे थांबवावे, कारण प्रत्येक वेळी सांगताना तिच्यात थोडी भर पडते आणि आपणच ती खरी मानू लागतो. त्यानंतर प्रार्थना. ‘प्रभू, त्याला सद्बुद्धी दे’ ही प्रार्थना मी स्वतः कित्येक वर्षे केली. ती प्रार्थनेचा सदरा घातलेली तक्रार होती, हे फार उशिरा ध्यानात आले. त्याऐवजी त्याच्या पऱ्हाटीसाठी, त्याच्या आजारी आईसाठी, मुलाच्या परीक्षेसाठी नेमके मागावे. देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो (मत्तय ५:४५), हे जून सरत आल्यावर दुबार पेरणीच्या धास्तीने आभाळाकडे पाहणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकच ढग हवा असतो.

आता हाताचे काम. मोशेच्या नियमशास्त्रात याविषयी इतकी शेतकी सूचना आहे की ती आपल्याच गावासाठी लिहिली असावी असे वाटते. वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकलेले दिसले तर ते त्याच्याकडे परत पोचवावे, आणि द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर त्याला मदत करावी (निर्गम २३:४-५). म्हणजे त्याचा बैल आपल्या तुरीत शिरला, तर कोंडवाड्याची वाट न धरता तो त्याच्या गोठ्यात नेऊन बांधावा. कापसाने भरलेली त्याची बंडी पांधणीतल्या काळ्या चिखलात रुतली असेल, तर आपली जोडी सोडून आणावी आणि चाकाला खांदा लावावा. एकाच चाकाला दोघांचे खांदे लागतात तेव्हा ‘जोर लाव’ एवढे तरी बोलावेच लागते.

हे करताना साक्षीदार जमवू नयेत आणि नंतर त्याची आठवणही काढू नये. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचशील, हे नीतिसूत्रांतील वचन (२५:२१-२२) प्रेषित पौल रोमकरांस लिहिताना घेतो (१२:२०), आणि ते वाचून काहींना चांगुलपणाने चटका देण्याची युक्ती सापडल्यासारखे वाटते. पण त्याच अध्यायात त्याने सूड देवावर सोपवायला सांगितला आहे. तेव्हा हे निखारे प्राचीन ख्रिस्ती धर्मशिक्षक ऑगस्टीनप्रमाणे पश्चात्तापाची जळजळ म्हणून वाचणे मला योग्य वाटते. समोरच्याला खजील करण्यासाठी दिलेली भाकर हाही सूडच.

अलीशा संदेष्ट्याची गोष्ट इथे उपयोगी पडते. त्याला पकडायला आलेले अरामी सैन्य शोमरोनात इस्राएलाच्या राजाच्या हाती सापडले, तेव्हा ‘यांना मारू काय’ असे राजाने विचारले; अलीशाने त्यांना अन्नपाणी देऊन परत पाठवायला लावले, आणि त्या टोळ्या पुन्हा इस्राएलात आल्या नाहीत (२ राजे ६:२१-२३).

मात्र हक्क सोडणे म्हणजे दया नव्हे. चपराक बसल्यावर येशूने ‘मला का मारतोस’ असे विचारले (योहान १८:२३), आणि पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली, आणि असलेली वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. धुऱ्याच्या वादासाठी मोजणी आहे. अर्जात घडले तेवढेच लिहावे, वकील म्हणाला म्हणून खोटी मारहाण जोडू नये, आणि तारखेच्या दिवशी तहसील कार्यालयात तो दिसला तर नमस्कार करावा. जिथे जिवाला धोका आहे किंवा घरात मारहाण होते, तिथे आधी सुरक्षित ठिकाणी जावे आणि पोलिसांना कळवावे. क्षमा दुरूनही करता येते.

इतके करूनही तो बोलेलच असे नाही. पौलानेही ‘तुमच्याकडून होईल तितके’ एवढीच अट घातली आहे (रोमकर १२:१८). आपण देऊ केलेले पाणी त्याने नाकारले तर आग्रह करू नये, आणि पुढच्या हंगामात त्याचा बैल पुन्हा तुरीत शिरला तर पुन्हा त्याच गोठ्यात नेऊन बांधावा.