पत्रा कापण्याआधी पुठ्ठा कापा

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायच्या वॉटर-कूलिंगसाठी त्याचा केस (बाहेरचा डबा) स्वतः बनवणार असाल तर लगेच पत्र्याला हात लावू नका. आधी जाड पुठ्ठ्याचा, मूळ मापाचा केस करा आणि खरे पार्ट्स त्यात ठेवून बघा. कागदावरची मापं फसवतात. '२४० मिमी'चा रेडिएटर (गरम पाणी थंड करणारी जाळी) प्रत्यक्षात २७० मिमीच्या पुढे जातो, कारण टोकांच्या टाक्या त्या आकड्यात धरलेल्याच नसतात. जाडीचंही तेच: ३० मिमी रेडिएटर, २५ मिमी पंखा, वर स्क्रूची डोकी. माझ्या पहिल्या केसमध्ये नेमकी ही डोकीच रॅमला टेकली आणि वरच्या पत्र्याची सगळी भोकं सरकवून पुन्हा पाडावी लागली. १२० मिमी पंख्याच्या भोकांमध्ये १०५ मिमी अंतर असतं; पुठ्ठ्यावर ती नीट टोचून घेतलीत, की तोच साचा पत्र्यावर ठेवून सेंटर पंच (भोकाची जागा ठोकून खुणावायचं टोकदार हत्यार) मारता येतो.

नळ्यांचा मार्गही पुठ्ठ्यातच ठरवा. पाण्याची टाकी पंपाच्या वर हवी. पंप कोरडा फिरला की गेलाच म्हणून समजा. सगळ्यात खालच्या जागी टी-फिटिंग (तीन तोंडांचा जोड) आणि ड्रेन व्हॉल्व्ह (पाणी काढायचा नळ) द्या. आज फालतू खर्च वाटेल, पण पाणी बदलायची वेळ आली की कळेल.

तांब्याच्या ब्लॉकसोबत (प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता पाण्यात सोडणारा तुकडा) ॲल्युमिनियमचा रेडिएटर नको, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आणि पहिल्यांदा पाणी भराल तेव्हा मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डची वीज काढून फक्त पंप चालवा, प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून. रात्रभर.