पारंबीला कोणता रंग द्यावा? कल्पनेतल्या पात्राची रंगयोजना ठरवताना

मनातलं एखादं अद्भुत पात्र कागदावर आणायचं ठरलं की हात आधी रंगांकडे जातो. जांभळे केस, सोनेरी डोळे, मोरपंखी अंगरखा. चित्र देखणं होतं, पण ते पात्र नेमकं कोण हे त्यातून कळत नाही. मी सध्या ‘पारंबी’ नावाच्या एका पात्रावर काम करते आहे. तिच्या निमित्ताने माझ्या हाताशी बसलेला क्रम इथे मांडते. तुम्ही जलरंगात काम करा किंवा टॅबलेटवर, क्रम तोच राहतो.

आधी एक वाक्य लिहा

पात्र कुठे राहतं, काय करतं आणि त्याच्यात काय बदलतं, हे एका वाक्यात बसवा. माझं वाक्य असं आहे: पारंबी गावच्या जुन्या वडात राहते, पारावर कुणी शब्द दिला की आपल्या केसांना एक गाठ मारते, आणि तो शब्द मोडला की ती गाठ लाल होते.

या तिन्हींतला ‘बदल’ रंगासाठी सर्वांत मोलाचा. जिथे बदल होतो तिथे सर्वांत ठळक रंग जातो. बाकी सगळ्या रंगांनी त्याला वाट करून द्यायची. हे वाक्य सापडत नसेल तर रंग निवडायला बसू नका, आणखी दोन दिवस पात्राचा विचार करा.

मग नुसती काळी आकृती

अंगठ्याएवढ्या दहा-बारा आकृत्या काढा आणि आतून पूर्ण काळ्या भरा. नाक, डोळे, दागिने काही नको. पात्र एवढ्यावरून ओळखू येतं का, ते पाहा. पारंबीचे केस जमिनीपर्यंत लोंबतात आणि टोकाला रुंद होत मातीत शिरतात. तेवढ्याने ती ओळखू आली, म्हणून डोक्यावरचा पानांचा मुकुट मी काढून टाकला.

रंगाआधी उजेड-अंधार

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि पुढे चित्र ‘मळकट का दिसतंय’ याचं उत्तर शोधत बसतात. निवडलेली आकृती फक्त तीन छटांत रंगवा: गडद, मध्यम, फिकट. डोळे किलकिले करून पाहा. नजर जिथे जायला हवी तिथेच जाते का? चेहऱ्याजवळ सर्वांत गडद आणि सर्वांत फिकट छटा शेजारी-शेजारी आल्या, की नजर तिथे थांबते.

पारंबीत फिकट छटा कुठे ठेवायची हे मला वटपौर्णिमेनंतरच्या वडाने सांगितलं. खोडाभोवती पांढऱ्या सुताचे फेरेच फेरे. तेच तिचं वस्त्र झालं, गळ्यापासून कमरेपर्यंत गुंडाळलेलं सूत. गडद केसांच्या मधोमध ते लख्ख उठून दिसतं.

रंग एखाद्या खऱ्या वस्तूतून उचला

रंगचक्र उपयोगी आहे, पण सुरुवात तिथून केली की सगळ्यांची पात्रं सारखी दिसू लागतात. त्यापेक्षा पात्राच्या जगातली एक खरी गोष्ट समोर ठेवा. मी एका वडाखाली वही घेऊन बसले आणि दिसतील ते रंग शब्दांत लिहिले. राखेसारखं खोड. जुनी पानं वरून गर्द हिरवी, खालून फिकी. कोवळी पानं तांबूस. आणि पिकलेली फळं लालभडक.

त्या फळांवर हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, येतात. आपल्या राज्यपक्ष्याचे रंग एकदा नीट पाहा: डोकं राखाडी, मान-छाती पिवळसर हिरवी, पाय पिवळे आणि खांद्यावर जांभळट रंगाचा एक लहानसा डाग. पानांत बसला की दिसेनासा होतो, पण एकदा दिसला की तो डाग विसरता येत नाही. मोठा शांत रंग, त्याला साथ देणारा दुसरा आणि इवलासा तिसरा. घरसजावटीत साठ-तीस-दहा असं प्रमाण सांगतात, ते इथे पंखांवरच मांडलेलं आहे. पारंबीत साठ भाग राखाडी-हिरवा, तीस भाग सुताचा पांढरा आणि दहाहूनही कमी लाल.

प्रत्येक रंगाला मराठी नाव द्या, ही माझी आग्रहाची सूचना आहे. शेवाळी, मेंदी, आमसुली, डाळिंबी, अबोली, विटकरी: आपल्या रंगांची नावं वस्तूंची आहेत, त्यामुळे नाव घेताच रंगाबरोबर पोत, वास, ओलावाही येतो. ‘गडद हिरवा’ म्हटलं तर पन्नास रंग डोळ्यांपुढे येतात, ‘शेवाळी’ म्हटलं की एकच.

रंगांना आपल्याकडे अर्थही चिकटलेले आहेत. पारंबीच्या हातात मी आधी हिरव्या बांगड्या काढल्या होत्या. रंग जुळत होता, पण मराठी वाचकाला त्यात नवरीचा चुडा दिसणार. तिच्या गोष्टीत लग्न नाही, म्हणून बांगड्या गेल्या.

लाल रंग हरवला, तेव्हा

लाल आणि हिरवा परस्परविरोधी रंग, तेव्हा लाल गाठी उठून दिसतील असं मी धरून चालले होते. चित्र काळं-पांढरं करून पाहिलं, तर गाठी गायब! शुद्ध लाल (संगणकाच्या लाल-हिरवा-निळा आकड्यांत २५५-०-०) आणि ऑलिव्ह (१२८-१२८-०) यांची उजळता जवळजवळ सारखी असते, दोन्हींचा राखाडी जवळजवळ एकच होऊ शकतो. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या माणसांचाही इथे गोंधळ होतो, आणि त्यांची संख्या, विशेषतः पुरुषांत, थोडी नाही.

म्हणून ही तपासणी दर वेळी करा. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांत वर काळ्या रंगाचा एक थर टाका आणि त्याचा मोड (थर खालच्या रंगांत कसा मिसळतो ते) ‘कलर’ ठेवा, खालच्या छटा दिसतील. कागदावर काम असेल तर मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढा. मी केस शेवाळीकडे, म्हणजे बरेच गडद नेले आणि गाठींचा लाल किंचित उजळला. आता गाठी रंगीत आणि काळ्या-पांढऱ्या, दोन्ही चित्रांत दिसतात.

सावलीत काळा मिसळू नका

काळ्याने रंग मरतो. जलरंगात हिरव्याची सावली हवी तर त्यातच थेंबभर लाल मिसळा, रंग शांतपणे खाली बसतो. टॅबलेटवर सावलीसाठी वेगळा थर घेऊन तो ‘मल्टिप्लाय’वर ठेवा आणि त्यात करडा न भरता निळसर किंवा जांभळट रंग भरा. उजेड कुठला आहे, यावर तो ठरतो. दुपारी पानांतून गाळून येणारा उजेड पिवळसर हिरवा असतो, पांढरं सूतही त्यात पोपटी झाक घेतं. संध्याकाळी उजेड नारिंगी, तेव्हा सावल्या निळ्याकडे झुकतात. पात्राचे मूळ रंग आणि त्या वेळचा उजेड वेगळ्या थरांवर ठेवलेत, तर प्रसंग बदलताना सगळं पुन्हा रंगवावं लागत नाही.

पक्कं करण्याआधी

एकाच आकृतीच्या सहा लहान प्रती करा आणि प्रत्येकीत एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर काय जमलं आणि काय नाही, ते उमगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहून निवडा. शेवटी रंगतक्ता बनवा: रंगाचा चौकोन, त्याचं नाव, आकडे किंवा कोणते रंग किती मिसळले ते, आणि तो पात्रावर कुठे येतो. शिवाय कुठे येत नाही, हेही लिहा. माझ्या तक्त्यावर लाल चौकोनाखाली लिहिलंय: ओठ नाही, कपाळ नाही, वस्त्र नाही, फक्त मोडलेल्या शब्दांच्या गाठी; पहिल्या प्रसंगात एकच.