इंग्रजी वाक्य पुरं की अर्धवट? रजेच्या अर्जावरून ओळखा

‘अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर. आय कॅनॉट अटेंड स्कूल. रिक्वेस्टिंग यू टू ग्रँट मी लीव्ह फॉर 2 डेज. थँकिंग यू.’

चार पूर्णविराम, पण पुरं वाक्य एकच: दुसरं.

या चुकीचं मूळ आपल्या मराठीत आहे. ‘काल गेलो होतो’ इतकं म्हटलं तरी ‘गेलो’मधल्या ‘ओ’वरून जाणारा कोण ते कळतं. इंग्रजीतलं ‘वेंट’ मात्र मी, तू, ती, ते सगळ्यांना सारखंच, त्यामुळे कर्ता लिहावाच लागतो. साधा पाऊस पडला तरी त्याला ‘इट’ लागतो: ‘इट इज रेनिंग.’ ‘हे माझं घर’ आपल्याकडे क्रियापदाशिवाय चालतं. तिकडे ‘इज’ गाळून चालत नाही.

आधी क्रियापद शोधा. वाक्य कालचं करून बघा, जो शब्द बदलतो तो धरा. ‘कॅनॉट’चं ‘कुड नॉट’ झालं, म्हणजे क्रियापद सापडलं. ‘रिक्वेस्टिंग’ मात्र काल, आज, उद्या तसंच राहतं. आयएनजीवाला शब्द एकट्यानं वाक्य पेलत नाही, त्याला अ‍ॅम, इज, आर, वॉज, वेअर असं कुणीतरी सोबत लागतं.

मग क्रियापदाला ‘कोण?’ किंवा ‘काय?’ विचारा. उत्तर वाक्यातच मिळालं पाहिजे. अपवाद आज्ञा-विनंतीचा: ‘सिट डाउन’मध्ये ‘यू’ अध्याहृत असतो, म्हणून दोन शब्दांचं असूनही ते पुरं. लांबीवर जाऊ नका.

खरी मेख पहिल्या शब्दात असते. ‘आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर’ हे धडधाकट वाक्य. त्याच्या आधी ‘अ‍ॅज’ लागला की तेच लंगडं होतं, कारण वाचणारा ‘बरं, मग?’ म्हणून थांबतो. बिकॉज, इफ, ऑल्दो, अनलेस यांचंही तेच. ‘मी आलो नाही. कारण पाऊस होता.’ असं आपण बिनदिक्कत लिहितो. इंग्रजीत मधला पूर्णविराम काढावा लागतो. ‘बिकॉजनं वाक्य सुरूच करायचं नाही’ हा शाळेतला नियम मात्र फाजील आहे. मुख्य वाक्य पाठोपाठ आलं तर खुशाल करा.

दुरुस्ती बहुधा जोडण्याची असते. ‘अ‍ॅज’चा तुकडा आधी असेल तर त्याच्यानंतर स्वल्पविराम द्या: ‘अ‍ॅज आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीवर, आय कॅनॉट अटेंड स्कूल.’ तिसऱ्या वाक्यात ‘आय अ‍ॅम’ घाला, किंवा सरळ ‘प्लीज ग्रँट मी लीव्ह’ लिहा. ‘थँकिंग यू’ हा अर्जातला जुना रिवाज, कुणी अडवणार नाही. व्याकरणाच्या पेपरात मात्र ‘आय थँक यू’ बरं.

जोडताना दोन चुका हमखास होतात. ‘अ‍ॅज’ काढायचा आणि स्वल्पविराम तसाच ठेवायचा, ही पहिली. दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली जात नाहीत, ‘सो’ घाला नाहीतर पूर्णविराम द्या. दुसरी आपल्या ‘जरी–तरी’ची: ‘ऑल्दो आय वॉज इल, बट आय केम.’ दोन्ही नकोत. ‘ऑल्दो’ ठेवला तर ‘बट’ खोडा.

तपासताना अर्ज शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचा. सरळ वाचताना मागचा अर्थ मनात असतो आणि तुकडाही पुरा भासतो. उलट वाचलं की तो आधार सुटतो.